लोणारच्या चित्रफितीला आवाज देताना

व्हिडिओचे निवेदन संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्येच, चित्र समोर सरकत असताना मुद्रित करता येते. प्रीमियर प्रोमध्ये आणि फोनवरच्या काइनमास्टरमध्ये ही सोय आहे. पण बिघडलेल्या निवेदनाचे मूळ बहुधा सॉफ्टवेअरमध्ये नसते. ते संहितेत किंवा खोलीत असते.

संहिता बोलायच्या रूपात लिहावी. उदाहरणार्थ, लोणारचे विवर उल्कापाताने बेसाल्टमध्ये तयार झाले, त्याचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर. कागदावर हे सोपे दिसते, पण माइकसमोर ‘एक पॉइंट आठ’ म्हणावे की ‘पावणेदोनच्या आसपास’, इथेच वाचणारा अडखळतो. आकडे अक्षरांत लिहून ठेवावेत. जून २०२०मध्ये गुलाबी झालेले विवरातल्या सरोवराचे पाणी पडद्यावर असेल, तर काही क्षण गप्प राहिलेले उत्तम. सगळी चित्रे शब्दांनी झाकण्याची हौस निवेदकाला फार असते.

सर्वांत जास्त मुद्रणे वाया जातात ती कूलरमुळे. मे महिन्यात खामगाव-मलकापूरकडे त्याच्याशिवाय बसवत नाही, म्हणून तो मंद ठेवून काम उरकले जाते. नंतर नॉइज रिडक्शनने घरघर कमी होते खरी, पण तिच्याबरोबर ‘स’ आणि ‘श’ही विरघळतात. पहाटे, पंखा आणि कूलर दोन्ही बंद करून बसणे हाच उपाय. फरशीच्या उघड्या खोलीत आवाज घुमतो आणि तो घुमारा नंतर नीट काढता येत नाही. कापसाच्या गाद्या भिंतीला उभ्या केल्या, दारावर रजई टांगली, की बरेच काम होते.

माइक तोंडापासून वीतभर अंतरावर, किंचित बाजूला असावा, म्हणजे ‘प’, ‘फ’, ‘भ’चे फुत्कार थेट आदळत नाहीत. प्रोजेक्ट आणि माइक दोन्ही ४८ किलोहर्ट्झवर ठेवावेत. सर्वांत मोठा उच्चारही उणे ६ डेसिबलच्या खाली राहावा. फाटलेला आवाज पूर्ववत होत नाही. स्पीकर बंद करून तारेचे हेडफोन लावावेत, नाहीतर टाइमलाइनवरचा जुना आवाज नव्या मुद्रणात शिरतो. ब्लूटूथ हेडसेटचा माइक सुरू झाला की दर्जा बहुधा फोनवरच्या संभाषणाइतका उतरतो.

परिच्छेदागणिक मुद्रण करावे. चुकलेले वाक्य त्याच बैठकीत पुन्हा म्हणावे, कारण दुसऱ्या दिवशी गळा वेगळा लागतो आणि जोड ऐकू येतो. रिकाम्या खोलीची अर्ध्या मिनिटाची शांतताही मुद्रित करावी. ती कापलेल्या जागा भरायला लागते. शेवटी सगळे फोनच्या स्पीकरवर ऐकावे. शब्द कळत नसतील, तर आधी संगीत कमी करावे.