दोन यंत्रे, दोन आकडे : डोळ्याच्या पडद्याचे माप

वजनकाट्याची पारख व्यापारी दोन प्रकारे करतो. तोच माल पाच वेळा ठेवला तर काटा पाचही वेळा तेच वजन दाखवतो काय? आणि ते वजन शिक्क्याच्या वजनाशी जुळते काय? दर वेळी नेमके वीस ग्रॅम जास्त दाखवणारा काटा स्थिर असतो, पण खरा नसतो. डोळ्यांच्या दवाखान्यातील यंत्रांनाही हीच कसोटी लागू पडते. चंद्रपूर, आलापल्ली, अहेरीकडील माणूस एक तपासणी जवळपास करतो, दुसरी नागपुरात. दोन कागदांवर दोन आकडे आले की तो घाबरतो.

काय मोजतात?

बुबुळावरील पारदर्शक पडद्याला कॉर्निया म्हणतात. त्याची जाडी सुमारे अर्धा मिलिमीटर, म्हणजे पाचशे मायक्रॉनच्या आसपास असते. नागपूरजवळच्या खेड्यांत २००६ ते २००८ या काळात नागपूरचे डॉ. विनय नांगिया व सहकाऱ्यांनी तीस वर्षांवरील ४,७०० हून अधिक लोकांचे डोळे तपासले. तेथे सरासरी जाडी ५१४ मायक्रॉन भरली.

डोळ्याचा दाब मोजणारे गोल्डमन यंत्र पडद्याची जाडी ५२० च्या आसपास आहे असे धरून चालते. पातळ पडदा लवकर दबतो. त्यामुळे दाब खऱ्यापेक्षा कमी दिसतो. जाड पडद्यात उलट होते. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही, म्हणून हा फरक महागात पडतो. चष्म्याचा नंबर घालवणाऱ्या लेसर शस्त्रक्रियेत तर पडदाच कोरतात. पुरेशी जाडी शिल्लक राहणे आवश्यक असते.

यंत्रांचे प्रकार

पहिले ध्वनिलहरींचे. डोळा बधिर करून सळई पडद्याला टेकवतात. हे लहान, त्यामानाने स्वस्त व शिबिरात नेण्याजोगे. परंतु सळई तिरपी लागली तर जाडी जास्त येते व दाबली तर कमी. सारे हातावर अवलंबून.

दुसरे कॅमेऱ्याचे, जसे पेंटाकॅम. ते डोळ्याला न शिवता साऱ्या पडद्याचा नकाशा काढते.

तिसरे ओसीटी, प्रकाशकिरणांनी पडद्याचा छेद दाखवणारे. त्याचा आकडा ध्वनियंत्रापेक्षा बहुधा थोडा कमी येतो.

वेल्डिंग किंवा ग्राइंडिंगची ठिणगी लागून पडद्यावर डाग पडला असेल, तर प्रकाशावर चालणारी यंत्रे चुकू शकतात. अशा कारागिरांनी जुनी इजा आधीच सांगावी.

तुलना कशी करावी?

समजा, एका डोळ्यात पहिल्या यंत्राने ५१८, ५२१, ५१९ दाखवले व दुसऱ्याने ४९८, ५००, ४९९. दोन्ही यंत्रे स्थिर आहेत, पण त्यांच्यात वीसचा फरक आहे. हा फरक प्रत्येक रुग्णात वीसच राहिला असता तर धडा केल्याप्रमाणे वजा करता आला असता. प्रत्यक्षात एका डोळ्यात तो पाच येतो, दुसऱ्यात पस्तीस. म्हणून केवळ सरासरी जुळली याने यंत्रे एकमेकांच्या जागी चालत नाहीत. फरक किती पसरतो हे पाहावे लागते. ही पद्धत ब्लँड व ऑल्टमन या संशोधकांनी १९८६ साली मांडली.

ध्यानात ठेवावे

१) अहवालावर यंत्राचे नाव लिहून घ्यावे.

२) पुढची तपासणी शक्यतो त्याच यंत्रावर करावी. यंत्र बदलले तर जुना कागद दाखवावा.

३) झोपेत पडदा थोडा फुगतो; उठल्याबरोबर तपासणी नको.

४) कॉन्टॅक्ट लेन्स किती दिवस आधी काढायची ते डॉक्टरांना विचारावे.

५) जाडीवरून दाबाचा हिशेब घरी करू नये. त्याची सूत्रे ढोबळ आहेत. डोळ्याची नस पाहूनच डॉक्टर निर्णय घेतात.

६) चष्म्याच्या दुकानासाठी किंवा शिबिरासाठी यंत्र घेणाऱ्याने एकाच डोळ्याची मापे लागोपाठ घेऊन पाहावीत, दुसऱ्या माणसाच्या हातूनही घ्यावीत. वापरलेले यंत्र असेल तर तपासणीचा ठोकळा सोबत मागावा. आकडे इकडेतिकडे पळत असतील तर किंमत कितीही कमी असो, सौदा करू नये.