विषाणुबाधित पेशीतील प्रथिनांची नोंद : वैद्याने ती कशी वाचावी?

विषाणुजन्य ज्वरावरील कल्पांची जी माहितीपत्रके हल्ली औषधालयांत येतात, त्यांत ग्रंथोक्त गुणधर्मांच्या शेजारी रंगीत आलेख आणि प्रथिनांच्या नावांचे एक जाळे छापलेले असते. खाली 'प्रथिनांच्या पातळीवर सिद्ध' असे शब्द असतात. अशी दोन पत्रके खारेपाटण येथील एका व्यवसायबंधूंनी आमच्याकडे पाठविली आणि त्यांवर विसंबून माल भरावा काय, असे विचारले. प्रश्न पैशाचा आहे, तसाच रुग्णाच्या विश्वासाचाही आहे. म्हणून प्रोटिओमिक्स, म्हणजे पेशीतील समग्र प्रथिनांचा अभ्यास, कसा होतो आणि त्याच्या निष्कर्षांना किती वजन द्यावे, हे प्रस्तुत लेखात पाहू.

२०२० च्या उन्हाळ्यात मुंबईहून परतणाऱ्या चाकरमान्यांच्या गाड्यांची रांग खारेपाटणच्या तपासणी नाक्यावर लागत असे, हे आपल्या स्मरणात आहे. त्या काळी नाकाघशातून घेतलेल्या स्वॅबमध्ये विषाणूचा आर.एन.ए. आहे की नाही, एवढेच पाहिले जाई. परंतु त्याच कापसाच्या काडीवर रुग्णाच्या पेशींची सहस्रावधी प्रथिनेही आलेली असतात. विषाणू आहे काय, हे आर.एन.ए. सांगतो, शरीराने त्याला काय उत्तर दिले, हे प्रथिने सांगतात. मुंबईच्या आय.आय.टी.मधील डॉ. संजीवा श्रीवास्तव यांच्या प्रयोगशाळेने कस्तुरबा रुग्णालयातील रुग्णांच्या नमुन्यांवर नेमके हेच काम केले आणि ते २०२१ साली प्रसिद्ध झाले. याच प्रयोगशाळेने त्यापूर्वी हिवताप व डेंग्यू यांच्या रुग्णांतील रक्तद्रवाचाही असा अभ्यास केला होता.

प्रथिन ओळखण्याची रीत औषधालयातील मंडळींना परकी वाटू नये. चूर्णात मूळ वनस्पती अखंड दिसत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली पिष्टकण, रोम, तंतू असे तुकडे दिसतात आणि त्यांवरून द्रव्य ओळखावे लागते. येथेही तसेच. ट्रिप्सिन या पाचक द्रव्याने प्रथिने ठरावीक जागी तोडली जातात. मिळालेल्या तुकड्यांना पेप्टाइड म्हणतात. मास स्पेक्ट्रोमीटर हे यंत्र त्या तुकड्यांचे वस्तुमान अत्यंत सूक्ष्मतेने मोजते, आणि संगणक त्या मापांची मानवी प्रथिनांच्या ज्ञात यादीशी तुलना करून मूळ प्रथिन कोणते ते सांगतो. संगणकाची फसगत होऊ नये म्हणून खऱ्या यादीबरोबर उलट्या क्रमाने लिहिलेल्या, अस्तित्वात नसलेल्या प्रथिनांची खोटी यादीही त्याला दिली जाते. खोट्या यादीतील जितकी नावे 'सापडतात', त्यावरून एकंदर ओळखीत चूक किती असावी याचा अंदाज येतो. ही चूक सामान्यतः शेकडा एकच्या आत ठेवतात. परीक्षकाचीच परीक्षा घेण्याची ही युक्ती आम्हांस फार आवडली. द्रव्यपरीक्षेत अशी सवय आपण लावून घेतली असती तर भेसळीचे निम्मे वाद मिटले असते!

ओळख पटल्यावर प्रमाण मोजावयाचे, आणि खरी अडचण तेथे सुरू होते. समजा, बाधित व अबाधित अशा दोन गटांत ५००० प्रथिनांची तुलना केली आणि 'शेकडा पाच' ही नेहमीची संख्याशास्त्रीय मर्यादा लावली. दोन्ही गटांत काहीही फरक नसला तरीही केवळ योगायोगाने सुमारे २५० प्रथिने 'बदललेली' दिसतील. त्यांतून हवी ती पंचवीस निवडली की सुंदर जाळे तयार! यासाठी अनेक तुलनांची संख्याशास्त्रीय दुरुस्ती करावी लागते. ती केली आहे काय, याचा उल्लेख पत्रकात नसेल तर त्या जाळ्याकडे चित्र म्हणूनच पाहावे. दुसरे असे की, यंत्राला एखादे प्रथिन दिसले नाही म्हणजे ते नव्हतेच असे नव्हे. रक्तद्रवातील प्रथिनांपैकी निम्म्याहून अधिक भाग एकट्या अल्ब्युमिनचा असतो. त्याच्या गर्दीत अल्पप्रमाण प्रथिने झाकली जातात. शिवाय रुग्णांचे नमुने एका दिवशी व निरोगींचे दुसऱ्या दिवशी यंत्रावर घातले, तर दिसणारा फरक रोगाचा की यंत्राचा, हे कोण सांगणार? न धुतलेल्या खलात दुसरे औषध घोटण्यासारखेच ते आहे.

आता मुंबईच्या अभ्यासात काय दिसले ते पाहू. स्वॅबमधील प्रथिनांत दोन प्रकारचे बदल ठळक होते. न्यूट्रोफिल या श्वेतकणांनी आपल्यातील दाहक द्रव्यकण बाहेर टाकण्याशी संबंधित प्रथिने बदलली होती, आणि प्रथिननिर्मितीच्या यंत्रणेतही फेरफार होता. मात्र स्वॅब म्हणजे एका जातीच्या पेशी नव्हेत. त्यात श्लेष्मल त्वचेच्या पेशी असतात आणि धावून आलेले श्वेतकणही असतात. न्यूट्रोफिलचे एखादे प्रथिन वाढलेले दिसले, तर प्रत्येक पेशीने ते अधिक निर्माण केले, की पेशीच अधिक संख्येने आल्या? केवळ या आकड्यांवरून उत्तर मिळत नाही.

म्हणून काही शास्त्रज्ञ एकाच जातीच्या मानवी पेशी काचपात्रात वाढवून त्यांना बाधित करतात. जर्मनीतील फ्रँकफुर्ट येथील गटाने २०२० साली मोठ्या आतड्याच्या कर्करोगापासून मिळविलेल्या पेशी घेतल्या आणि बाधेनंतर २, ६, १० व २४ तासांनी त्यांतील प्रथिने मोजली. विषाणू पेशीची प्रथिननिर्मिती व कर्बोदकांचा चयापचय आपल्या कामाला कसा जुंपतो, हे त्यात दिसले. त्या प्रक्रिया रोखणाऱ्या काही द्रव्यांनी पात्रातील विषाणूची वाढही थांबली. येथे काळ निश्चित ठाऊक होता, हे या प्रयोगाचे मोठे बळ. पण काचपात्रात ना अग्नी, ना यकृत, ना श्वेतकणांची सेना.

याच वर्षी कॅलिफोर्नियातील शास्त्रज्ञांनी विषाणूची २६ प्रथिने एकेक करून मानवी पेशींत निर्माण केली आणि ती कोणत्या मानवी प्रथिनांना चिकटतात हे पाहिले. असे ३३२ संबंध सापडले. त्यांवरून औषधांची एक यादी निघाली व काही औषधांनी पात्रातील विषाणू रोखला. त्यांत हायड्रॉक्सिक्लोरोक्विन होते. पुढे काय झाले? इंग्लंडमधील 'रिकव्हरी' चाचणीत हे औषध दिलेल्या १५६१ रुग्णांपैकी २८ दिवसांत शेकडा २७ दगावले. नेहमीच्या उपचारावरील ३१५५ रुग्णांत हे प्रमाण शेकडा २५ होते. लाभ शून्य. २०२१ साली, मूळ कामाशी संबंधित काही शास्त्रज्ञांनीच दाखवून दिले की अशा अनेक औषधांचा पात्रातील परिणाम त्या विशिष्ट संबंधांमुळे नव्हताच. ही औषधे पेशीत फॉस्फोलिपिड या स्निग्ध द्रव्याचा संचय घडवितात व त्या बिघाडामुळे विषाणूची वाढ खुंटते. शरीरात त्याचा उपयोग नाही. आपल्याच यादीची अशी तपासणी करून ती प्रसिद्ध करणाऱ्यांना आम्ही आदराने नमस्कार करतो. ज्या चाचणीने हे औषध बाद केले, तिनेच डेक्सामेथासोन हे जुने, स्वस्त औषध प्राणवायू लागणाऱ्या रुग्णांत मृत्यू कमी करते हे सिद्ध केले, आणि ते विषाणूवर नव्हे, शरीराच्या अतिरेकी दाहावर काम करते.

हे दोन दाखले समोर ठेवून पत्रकांकडे वळावे. त्यांतील पुष्कळ जाळी पेशींवर प्रयोग करून काढलेली नसतात. गुडूची, यष्टिमधु वा पिप्पली यांतील ज्ञात रसायने संगणकात घालून ती कोणत्या प्रथिनांत 'बसतात' याचे गणित केलेले असते. असे गणित संशोधनाची दिशा ठरविण्यास उपयुक्त आहे, सिद्धी म्हणून नव्हे. क्वाथातून ते रसायन किती शोषले जाते, पचनात त्याचे काय होते आणि रक्तात किती उरते, याविषयी जाळे मौन बाळगते. काचपात्रात वापरलेली मात्रा रक्तात गाठण्यास कधी कधी घागरभर काढा प्यावा लागेल! आयुष मंत्रालयाने १ एप्रिल २०२० रोजी कोविडवरील उपचाराच्या निराधार दाव्यांची प्रसिद्धी थांबविण्याचा आदेश काढला, आणि पाठोपाठ मे महिन्यात अश्वगंधा, यष्टिमधु, गुडूची-पिप्पली व आयुष-६४ यांवर रुग्णांतील चाचण्या जाहीर केल्या. हा क्रम आम्हांस योग्य वाटतो. सातवीण, कुटकी, किराईत व सागरगोटा यांचा आयुष-६४ हा कल्प मूळ हिवतापासाठी योजलेला; नव्या रोगात त्याची परीक्षा नव्याने व्हावी हेच रास्त.

तेव्हा खारेपाटणच्या बंधूंना आमचे उत्तर असे : या जाळ्यावर विसंबून माल भरू नये. रुग्णांवरील चाचणी मागावी, आणि ती मिळेपर्यंत कल्प त्याच्या ग्रंथोक्त अधिकारातच वापरावा.

प्रोटिओमिक्स आयुर्वेदाच्या कामाचे नाही, असा याचा अर्थ कोणी घेऊ नये. या अभ्यासांची मूळ माहिती बहुधा सार्वजनिक संग्रहात ठेवलेली असते आणि तिच्या विश्लेषणाची मॅक्सक्वान्टसारखी संगणकप्रणाली विनामूल्य मिळते. पदव्युत्तर विद्यार्थ्यांना महागडे यंत्र नसतानाही त्यावर काम करता येईल. वैद्याचे स्थान मात्र त्याच्याही आधी आहे. फ्रँकफुर्टच्या पात्रात बाधेचा तास ठाऊक होता. रुग्णात तो ठाऊक नसतो. तिसऱ्या व दहाव्या दिवसाचे नमुने एकाच गटात घातले की आम ज्वर व निराम ज्वर एकत्र मोजल्यासारखे होते. ज्वराच्या आम, पच्यमान व निराम अवस्था ओळखणे हे तर आपले रोजचे काम. आपल्या जिल्ह्यात २०१६ साली दोडामार्ग तालुक्यात माकडतापाची साथ झाली, डेंग्यूचे रुग्णही आढळतात. अशा प्रत्येक ज्वराच्या केसपेपरवर ज्वराचा दिवस, क्षुधा, जिह्वेची सामता, स्वेद, मलप्रवृत्ती, प्रकृती आणि आधी घेतलेली औषधे त्याच वेळी, तारीख घालून लिहावीत. रक्त तपासणीस पाठविले असल्यास नमुना घेतल्याची वेळ व तो थंड ठेवला होता की नाही, हेही त्याच कागदावर नोंदवावे.