नेमलेला ग्रंथ कसा वाचावा?

आमच्या वसतिगृहातून महाविद्यालयात गेलेली मुले सुटीत भेटावयास येतात, तेव्हा त्यांच्या पिशवीत गाईड असते. विद्यापीठाची अभ्यासक्रमपत्रिका क्वचितच असते. अनेक घरांत महाविद्यालयाची पायरी चढणारे ते पहिलेच मूल. त्या पत्रिकेचा अर्थ सांगणारे घरी कोणी नसते, आणि महाविद्यालयात तो सर्वांना ठाऊकच आहे असे गृहीत धरले जाते.

पत्रिकेत घटक, तासिका, गुणविभागणी आणि शेवटी ग्रंथांची लांबलचक यादी असते. ती पाहून मूल बिचकते, पालक खर्चाने धास्तावतात. वास्तविक त्या यादीतील सर्व ग्रंथ सारखे नसतात. ‘नेमलेला’ ग्रंथ पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचावयाचा असतो. ‘संदर्भ’ म्हणून दिलेल्या ग्रंथांतील घटकापुरती प्रकरणे ग्रंथालयात बसून वाचली तरी पुरते. पैसे खर्चावयाचेच असतील तर नेमलेल्या ग्रंथावर खर्चावेत.

बाबासाहेबांचा ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ हा ग्रंथ उदाहरणादाखल घेऊ. गाईडात त्याचे आठदहा मुद्दे होतात. परंतु हे भाषण झालेच नाही, ही गोष्ट त्या मुद्द्यांत हरवते. लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने बाबासाहेबांना परिषदेचे अध्यक्षपद दिले. छापील मजकूर पाहिल्यावर त्यातील काही भाग मंडळाला खटकला. बाबासाहेबांनी बदल नाकारला, परिषद बारगळली आणि १९३६ साली त्यांनी ते भाषण स्वखर्चाने प्रसिद्ध केले. हा पत्रव्यवहार ग्रंथाच्या आरंभीच आहे. १९३७ च्या दुसऱ्या आवृत्तीत गांधीजींनी ‘हरिजन’मध्ये केलेली टीका व तिला बाबासाहेबांनी दिलेले उत्तर जोडले गेले. म्हणून हाती आलेल्या प्रतीत हे दोन्ही भाग आहेत की नाहीत, हे आधी पाहावे. ते नसतील तर वाद कोणाशी आणि कशासाठी, हेच कळत नाही.

त्याआधी ‘कास्ट्स इन इंडिया’ वाचावा, असे आम्ही सुचवू. कोलंबिया विद्यापीठात ९ मे १९१६ रोजी वाचलेला हा निबंध एका विद्यार्थ्याने वर्गासाठी लिहिलेला आहे, हे आमच्या मुलांनी ध्यानात घ्यावे. तेथे जातीचे मूळ जातीअंतर्गत विवाहाच्या बंधनात शोधले आहे. वीस वर्षांनंतर रोख त्या बंधनाला पावित्र्य देणाऱ्या धर्मशास्त्रांवर वळतो. दोन्ही लेखन महाराष्ट्र शासनाने १९७९ साली प्रसिद्ध केलेल्या पहिल्या खंडात आहे.

इंग्रजी अडते, हे आम्ही जाणतो. शेजारी मराठी अनुवाद ठेवावा, एका बैठकीत एकच प्रकरण घ्यावे आणि त्याचा आशय वहीत आपल्या मराठीत दोन ओळींत लिहावा. गाईड लिहिणाऱ्याचे काम परीक्षेपुरते असते. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. मात्र बाबासाहेबांच्या मुलांनी बाबासाहेबांना गाईडातूनच ओळखावे, याचे आम्हांस दुःख होते.

पहिला खंड आमच्या शाळेच्या ग्रंथालयातही आहे. सुटीत येणाऱ्यांनी तो अवश्य मागून घ्यावा, आणि येताना आपली अभ्यासक्रमपत्रिका सोबत आणावी. ती आपण मिळून वाचू.