वाळवंटातले डोंगर

वाळवंट म्हणजे नुसती वाळू, असं मला वाटायचं. पण जॉर्डन देशात वादी रम नावाचं वाळवंट आहे. तिथे वाळूतून कातळाचे डोंगर सरळ उभे आहेत. त्यातला जबल रम १७०० मीटरपेक्षा उंच आहे. अरबी भाषेत जबल म्हणजे डोंगर. आपलं कळसूबाई १६४६ मीटर आहे. कळसूबाईला वाट आहे, लोखंडी शिड्या आहेत. तिथे तसं काही नाही. तरी तिथले बेदुईन लोक रानबकऱ्यांच्या शिकारीसाठी दोराशिवाय चढत असत.

असे डोंगर चढताना दोन हात व दोन पाय यांपैकी तीन घट्ट ठेवावेत, एकच हलवावा. धरायचा दगड आधी ठोकून बघावा. वालुकाश्म म्हणजे वाळूचा दगड. तो भिजला की कच्चा होतो. म्हणून पावसानंतर लगेच चढू नये. निम्मं पाणी संपायच्या आत मागे फिरावं, शिखर राहिलं तरी चालेल.

उतरणं चढण्यापेक्षा अवघड असतं. मी एकदा शेळीमागे आमच्या टेकडीवर चढलो. शेळी उतरली, मी अडकलो. रडूच आलं. आजोबांनी एकेक पाय कुठे ठेवायचा ते सांगून मला उतरवलं. म्हणून जेवढं उतरता येईल, तेवढंच चढावं.

– एक विद्यार्थी, इयत्ता चौथी