इंग्रजी वाक्याचं शेपूट: ‘इजंट इट?’, ‘डिडंट ही?’

मंडळी, बर्फ आला ना? आपण मराठीत ‘ना’ लावतो, इथे सुरतेत शेजारी गुजरातीत ‘ने’ लावतात. एकच शेपूट सगळीकडे चालतं. इंग्रजीत तसं नाही, वाक्य बदललं की शेपूट बदलतं. आपली पोरं मात्र सरसकट ‘इजंट इट’ चिकटवतात आणि परीक्षेत मार्क घालवतात.

वाक्यातलं सहाय्यक क्रियापद उचलायचं, होकार असेल तर नकार करायचा, नकार असेल तर होकार. पुढे सर्वनाम. ‘द बोट इज रेडी, इजंट इट?’ ‘दे हॅवंट सोल्ड द फिश, हॅव दे?’ सहाय्यक दिसत नसेल तर डू, डज, डिड आणायचं: ‘ही मेंडेड द नेट, डिडंट ही?’ ‘आय अ‍ॅम’चं ‘आरंट आय’ होतं, ते सरळ पाठच करा.

खरा घोळ उत्तरात होतो. ‘यू डोंट हॅव डिझेल, डू यू?’ डिझेल संपलेलं असेल तर आपण म्हणतो, ‘हो, नाहीये.’ इंग्रजीत नुसतं ‘येस’ म्हटलं तर समोरचा समजणार, डिझेल आहे! तिथे ‘नो, आय डोंट’ म्हणायचं. हजिऱ्याला येणाऱ्या मोठ्या जहाजाशी व्हीएचएफवर बोलताना अशी गफलत जिवावर बेतू शकते. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २००१ मध्ये स्वीकारलेल्या सागरी वाक्यसंग्रहात म्हणूनच ‘येस’ किंवा ‘नो’च्या पुढे पूर्ण वाक्य बोलायला सांगितलंय.

आज घरी पोरांना विचारा: ‘द टाइड हॅज टर्न्ड’, याचं शेपूट काय?