तुरीखालची माती आणि मृगाचा पहिला पाऊस

प्रश्न : आमच्या पऱ्हाटीत तुरीचे तास आहेत आणि धुऱ्यावर गिरिपुष्पाची रांग. हवेतला नत्र जमिनीत आणणाऱ्या अशा झुडपांखालून हवामान तापवणारा वायू निघतो, असे कानावर आले. हे खरे असेल तर झुडपे काढून टाकावीत का?
– एक शेतकरी वाचक, नरखेड तालुका

उत्तर : वायू निघतो, पण झुडपांवर कुऱ्हाड चालवू नका. वायू कुठून निघतो ते आधी पाहू.

महिना-दीड महिन्याचे तुरीचे रोप ओल असताना अलगद उपटा आणि मुळावरची गाठ नखाने फोडा. आत गुलाबी-लाल रंग दिसला, की रायझोबियम जिवाणू कामाला लागलेत असे समजा. ते हवेतल्या नत्राचा अमोनिया करून झाडाला पुरवतात. या कामातून थेट वायू निघतो, याचा ठोस पुरावा मिळाला नाही. म्हणून आयपीसीसी या हवामान बदलावरील आंतरराष्ट्रीय समितीने हरितगृह वायूंच्या 2006 च्या मोजणी-नियमांतून तो हिशेब वगळला. शेतात कुजणाऱ्या पाल्या-मुळांतला नत्र मात्र धरला.

गोष्ट तिथेच आहे. झुडपाखाली पाला साचतो, गाठी कुजतात, म्हणून तिथली माती मोकळ्या रानापेक्षा कसदार होते. उन्हाळ्यात जिवाणू निपचित पडतात. मृगाचा पाऊस आला, की ते साचलेल्या अन्नावर तुटून पडतात आणि काही तासांत कार्बन डायऑक्साइडचा लोट निघतो. पूर्व आफ्रिकेतल्या मातीवर एच. एफ. बर्च यांनी 1950 च्या दशकात याचा अभ्यास केला. म्हणून याला ‘बर्च परिणाम’ म्हणतात.

पाठोपाठ नायट्रस ऑक्साइड निघतो. शस्त्रक्रियेत भूल देताना वापरतात तोच हा वायू. अमोनियाचा नायट्रेट होताना तो थोडा निसटतो. पुढे काळी माती फुगते, भेगा मिटतात, हवा कोंडते. मग काही जिवाणू ऑक्सिजनऐवजी नायट्रेटवर श्वास भागवतात आणि हा वायू आणखी सोडतात. शंभर वर्षांच्या हिशेबात त्याचा एक किलो 273 किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता धरतो.

आता युरियाशी तुलना करा. 45 किलोच्या गोणीत सुमारे 20.7 किलो नत्र असतो. ढोबळ दराने त्याचा 1 टक्का निसटला, तर सुमारे 325 ग्रॅम नायट्रस ऑक्साइड होतो, म्हणजे जवळपास 89 किलो कार्बन डायऑक्साइडच्या तोडीचा. कोरड्या हवामानासाठी आयपीसीसीने 2019 मध्ये हा दर अर्धा टक्का धरला आणि तो युरियाला व पाल्याला सारखाच लागू आहे. नत्र गोणीतून आला की मुळातून, मातीतले जिवाणू भेद करत नाहीत. फरक इतकाच, की युरिया बनवताना कारखान्यात नैसर्गिक वायू खर्ची पडतो. गिरिपुष्प मात्र जमिनीला सेंद्रिय कर्ब देते आणि धुऱ्याची माती धरून ठेवते.

म्हणजे दोष झुडपाचा नाही. उचलायला मुळे नसताना साचलेल्या नत्राचा आहे. म्हणून गिरिपुष्पाचा पाला उन्हाळ्यात उघड्या रानावर पसरू नका. पीक उभे राहून मुळे पसरली, की छाटून तासांत टाका. जितका नत्र पाल्यातून दिला, तितका युरियातून कमी करा. दोन्ही पूर्ण दिले तर उरलेला वाया जातो आणि वायूच वाढवतो. काळ्या रानात पाणी साचू नये म्हणून सऱ्या काढा.

संत्र्याच्या बागेलाही हेच लागू. बहारासाठी ताण देऊन सुकवलेल्या मातीला पाणी मिळते, तेव्हा तिथेही मृगाचाच पहिला पाऊस पडल्यासारखे होते. त्याच वेळी सगळा नत्र ओतू नका. हप्त्यांनी द्या, म्हणजे तो हवेत जाण्याऐवजी झाडाच्या मुळांना मिळेल.