जुने लहान लेथ मशीन : पारख, साफसफाई आणि जुळणी

धान मळणीच्या दिवसांत यंत्राचा एक बुश झिजला की काय होते, हे पवनी भागातील शेतकरी बंधूंना वेगळे सांगण्याची गरज नाही. कापलेल्या कडपा बांधीत पसरलेल्या असतात, आभाळ भरून येते आणि मालक शाफ्ट पिशवीत घालून भंडारा किंवा नागपूरची एस.टी. धरतो. तेथे खराद्याकडे आधीच रांग असते. काम दोन तासांचे, पण दिवस दोन जातात.

या अडचणीवर उपाय म्हणून पवनी येथील तीन तरुण शेतकऱ्यांनी वर्गणी काढून साडेचार फुटी बेडचे एक जुने लेथ (आपल्याकडे खराद म्हणतात ते) भंगाराच्या भावात घेतले. २०२० च्या ऑगस्टअखेरीस वैनगंगेला महापूर आला, त्यावेळी पाणी शिरलेल्या एका बंद शेडमध्ये ते उभे होते. गंज, गाळ आणि जुने ग्रीस यांचा थर इतका होता की गिअर कोठे आहे हेही दिसत नव्हते. प्रस्तुत लेखक कृषिविद्येचा माणूस; परंतु एका टर्नर निदेशकांच्या देखरेखीखाली या कामात हात काळे करण्याची संधी मिळाली. त्या अनुभवावरून पुढील माहिती दिली आहे.

घेण्यापूर्वी काय पाहावे

रंग आणि गंज यांवरून मशीनची किंमत ठरवू नये. पाहायची ती बेडची झीज. कॅरेज चकजवळ आणून त्याच्या गिबचे स्क्रू थोडे आवळावेत, नंतर ते टेलस्टॉककडे सरकवावे. चकजवळ सैल आणि शेवटाला घट्ट होत असेल, तर बेड चकजवळ झिजला आहे असे समजावे, कारण बहुतेक काम तेथेच होते. थोडी झीज चालते. जास्त असेल तर बेड ग्राइंडिंगचा खर्च मशीनपेक्षा जड जातो. असे मशीन फुकट मिळाले तरी सोडून द्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्यानंतर चकमध्ये जाड सळई पकडून वर-खाली दाब द्यावा व स्पिंडलची ढिलाई डायल गेजने पाहावी. आटे पाडण्याचे बदली गिअर सर्व आहेत का, ते मोजून घ्यावे. ते नसतील तर आटे पाडणे जवळजवळ संपलेच. क्रॉस स्लाइडच्या हँडलला रिकामा फेर असतो, त्याची मात्र फार चिंता करू नये. तेथील पितळी नट झिजण्यासाठीच असतो व तो नवा करता येतो. त्याचे आटे बहुधा डावे असतात, एवढे लक्षात ठेवावे.

जुन्या बाजारात किर्लोस्कर नावाची मशीन आजही दिसतात. लोखंडी नांगर करणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या उद्योगसमूहाने १९४१ मध्ये हरिहर येथे म्हैसूर किर्लोस्कर हा कारखाना काढला व तेथे लेथ तयार होत. तो कारखाना बंद पडला आहे, त्यामुळे सुटे भाग जुन्या मशीनवरूनच मिळवावे लागतात.

उचलताना कॅरेज टेलस्टॉककडे न्यावे, म्हणजे तोल सावरतो. दोर बेडला बांधावा, लीड स्क्रूला कधीही नाही. तो एकदा वाकला की सरळ होणे कठीण. बेड बिडाचा असतो. ट्रॉलीतून ढकलून उतरवल्यास तडकतो.

खोलणे आणि धुणे

प्रत्येक भाग काढण्यापूर्वी फोटो घ्यावा, खुणा कराव्यात आणि एका जोडाचे स्क्रू एका डब्यात ठेवावेत. टेपर पिन बारीक टोकाकडून ठोकावी. उलट बाजूने ठोकल्यास ती आणखी घट्ट बसते. आमचा अर्धा दिवस यातच गेला. चकच्या जबड्यांवर १, २, ३ असे आकडे असतात, ते त्याच क्रमाने परत बसवावेत. नाहीतर जबडे एका केंद्रावर येत नाहीत.

ग्रीस व गाळ रॉकेल किंवा डिझेल आणि ब्रशने काढावा. पेट्रोल वापरू नये. पुरात राहिलेल्या मशीनच्या तेलाच्या भोकांत गाळ घट्ट बसलेला असतो. तारेने भोक मोकळे करून सिरिंजने रॉकेल सोडावे व ते दुसऱ्या बाजूने स्वच्छ येईपर्यंत थांबू नये. वरून चकचकीत झालेले पण आतून तुंबलेले मशीन आठ दिवसांत स्पिंडल खाते.

बेडवर एमरी पेपर घासण्याचा मोह सर्वांनाच होतो, मलाही झाला. निदेशकांनी वेळीच हात धरला. एमरीचे कण बिडात रुततात आणि पुढे बेडच झिजवतात. पातळ तेल, पितळी पट्टी आणि अगदी बारीक स्टील वूल एवढ्यावर भागवावे. काळे डाग राहिले तरी चालतील.

हँडल, ब्रॅकेट यांसारख्या लोखंडी भागांचा गंज धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात विजेने निघतो. प्लास्टिकच्या टाकीत १० लिटर पाण्यास ५० ते १०० ग्रॅम सोडा घ्यावा. १२ व्होल्टच्या बॅटरी चार्जरची ऋण तार गंजलेल्या भागाला आणि धन तार साध्या लोखंडी पत्र्याला जोडावी. दोन्ही एकमेकांस लागू देऊ नयेत. पत्रा स्टेनलेस स्टीलचा नसावा, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरते. हायड्रोजन वायू निघत असल्याने हे काम उघड्यावर करावे. जवळ बिडी, काडी नको. जुना रंग कोरडा घासू नये, त्यात शिसे असू शकते.

मोटर वाइंडरकडे नेऊन सुकवून, मेगरने तपासून घेतल्याशिवाय चालू करू नये. अर्थिंग आवश्यक आहे. कृषिपंपाच्या जोडणीवर मशीन चालवू नये.

बसवणे व चाचणी

पाया काँक्रीटचा करावा. बेडवर आडवी लेव्हल ठेवून दोन्ही टोकांना बुडबुडा सारखा येईल असे पाहावे. खरी परीक्षा मात्र पुढेच आहे. सुमारे ३० मि.मी. जाडीची सळई चकमध्ये अशी पकडावी की ती १५० मि.मी. बाहेर राहील, टेलस्टॉकचा आधार देऊ नये. मधला भाग बारीक करून दोन्ही टोकांना एकेक पट्टा ठेवावा. टूल न हलवता दोन्ही पट्ट्यांवर हलका कट घ्यावा आणि मायक्रोमीटरने मोजावे. बाहेरचा पट्टा जाड भरला तर टेलस्टॉककडील पुढच्या, म्हणजे आपल्या बाजूच्या पायाखाली पातळ पत्रा सरकवावा. बारीक भरला तर मागच्या पायाखाली. पुन्हा कट, पुन्हा मोजणी. आम्हाला एक संपूर्ण दुपार लागली. झीज असलेल्या बेडवर फरक पूर्ण जात नाही. तरी बुश आणि पुलीच्या कामाला तो नडत नाही.

चालवताना उपरणे, सैल बाह्या, हातमोजे व कडे नसावे. डोळ्यांवर चष्मा असावा. चकची किल्ली चकमध्ये ठेवून हात सोडू नये; मशीन सुरू होताच ती गोळीसारखी सुटते.

बेड व स्पिंडलसाठी ६८ नंबरचे तेल रोज घालावे. बेडला ग्रीस लावू नये, त्यात कीस अडकतो. रोवणीच्या दिवसांत, मशीन बंद असताना, बेडवर तेलाचा हात फिरवून सुती कापड झाकावे. प्लास्टिक झाकल्यास आत घाम धरतो आणि काढलेला गंज परत येतो.